बार्बाडोसला जाऊन काहीच न करणे : सासू-सासरे, सात वर्षांचे चिरंजीव आणि एक एक्सेल शीट

घावनचटणी

मार्चच्या शेवटी आम्ही पाच जण न्यू जर्सीहून आठ दिवस बार्बाडोसला राहून आलो. आम्ही दोघं, सात वर्षांचे चिरंजीव आणि भारतातून आलेले सासू-सासरे. इथे कॅरिबियन म्हणून शोधलं की क्रूझचेच धागे हाती लागतात, नाहीतर कॅन्कूनचे (ते बेट नाही, मेक्सिको आहे, पण ते जाऊ दे). म्हटलं आपणच लिहावं.

आधी कबुली. नवऱ्याने एक्सेल शीट केली होती. रंगीत. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने, रकान्यागणिक एक ठिकाण आणि दिवसाच्या शेवटी 'बफर' नावाचा अर्धा तास. अख्खं बेट ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षा लहान. या टोकापासून त्या टोकापर्यंत ३४ किलोमीटर. त्याच्या हिशोबाने साडेतीन दिवसांत बेट 'संपत' होतं आणि उरलेले दिवस 'री-व्हिजिट'ला. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहात बिस्किट बुडवत एवढंच म्हणाल्या, "आज कुठे जायचं नसेल तर बरं होईल हो." शीट तिथेच वारली.

आम्ही दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज-रॉकली भागात स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला होता. पश्चिम किनाऱ्याचं पाणी जास्त शांत, पण तिकडे सँडी लेनसारखी हॉटेलं, दर त्याच हिशोबाने. दक्षिणेला समुद्राला लागून लाकडी फळ्यांचा फिरायचा रस्ता आहे, साधारण दीड किलोमीटर, चढ नाही, पायऱ्या नाहीत. सासरे रोज पहाटे तिथे. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना चार म्हातारे 'मॉर्निंग, मॉर्निंग' करायला लागले होते. इथे गुड मॉर्निंग न म्हणता एकदम कामाचं बोललात तर लोकांना ते उद्धट वाटतं, हे आधीच सांगून ठेवते. दुकानात शिरतानाही म्हणायचं.

पहिल्या रात्री सासऱ्यांनी दोनदा उठून एसी बंद केला. शिट्टी वाजतेय म्हणाले. एसी बंद केला तर शिट्टी आणखी मोठी! सकाळी घरमालकीणबाई हसून म्हणाल्या, बेडूक आहेत. नखाएवढे बेडूक, झाडांवर बसून रात्रभर शीळ घालतात. दुसऱ्या रात्री कोणाला ऐकूही आले नाहीत.

त्याच बाईंनी चिरंजीवांची मिलिटरी छापाची चड्डी बघून डोक्याला हात लावला. बार्बाडोसमध्ये कॅमोफ्लाज कपडे सामान्य माणसाने घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. टोपी, बॅग, काहीही नाही. बॅग भरताना बघा.

आता समुद्र. मी त्याबद्दलच लिहायला बसलेय खरं तर. सासूबाईंचं माहेर आचऱ्याजवळ. घराच्या पडवीतून समुद्र दिसतो. सत्तरीला आल्या, पण घोट्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नव्हतं. भीती म्हणून नाही. "बायका जात नसत" एवढंच उत्तर. ब्रिजटाउनला लागून कार्लाइल बे आहे, घोड्याच्या नालेसारखा उपसागर, लाट जवळजवळ नाहीच. तिथे त्या पंजाबी ड्रेसमध्ये आधी गुडघ्यापर्यंत गेल्या, मग कमरेपर्यंत, मग चक्क खाली बसल्या. पाणी गळ्याशी. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, "तू जा, त्याच्याकडे बघ." तासभर बाहेर आल्या नाहीत. बोटांच्या सुरकुत्या बघत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सात वाजता खांद्यावर टॉवेल टाकून दाराशी उभ्या.

तेव्हापासून रोज तेच. सकाळी कार्लाइल बे, दुपारी जेवून झोप, संध्याकाळी रॉकली (लोक ॲक्रा बीच म्हणतात), रात्री रमी. सहाच्या पुढे सूर्य बुडतो आणि दहा मिनिटांत अंधार. चेन्नईचाच अक्षांश, रेंगाळणारी संध्याकाळ नाही.

कासवं दिसली का, तर हो. बोटीवाले नेतात, पण आमचं पहिलं कासव बोटीशिवायच भेटलं. सासूबाईंपासून हातभर अंतरावर डोकं वर काढून त्याने श्वास सोडला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी फुस्स होतं ना, तस्सा आवाज. त्या म्हणाल्या, "अगो बाई", आणि ते गेलं.

शेवटी एक महत्त्वाचं. पश्चिम किनाऱ्यावर पेन्स बेला गेलो होतो. चिरंजीव झाडाखालून छोटी हिरवी सफरचंदं गोळा करून आणत होते, वास गोड. शहाळं विकणारी बाई लांबून ओरडत धावत आली आणि त्याच्या हातातून ती फळं अक्षरशः उडवली. मँचिनील! फळ विषारी, चीक कातडीवर पडला तर फोड येतात, पावसात झाडाखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने भाजतं. बऱ्याच झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो. आमच्या झाडावरही होता. आम्ही त्याखालीच चटई टाकली होती. हात साबणाने तीनदा धुतले, काही झालं नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं, "म्हणजे बिब्ब्यासारखं उततं."

प्रश्न असतील तर विचारा. फोटो नंतर टाकते.

—

तिरफळ

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर. कामानिमित्त दोन वर्षं ब्रिजटाउनला होतो. शिट्टीवाल्या बेडकांनी डोळ्यात पाणी आणलं.

—

खडीसाखर

मस्त लिहिलंय. मुद्द्याचा प्रश्न: आम्ही शाकाहारी, बरोबर जैन नणंद. उपाशी मरू का?

—

घावनचटणी

खडीसाखर, मरणार नाही, पण स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या. बाहेर मॅकरोनी पाय (पाय म्हणजे वडीसारखा कापून देतात, चीज भरपूर), भात-कडधान्य, तळलेली राजेळी केळ्यासारखी केळी आणि रोटी. रोटी म्हणजे आपली पोळी नव्हे, त्रिनिदाद-गयानाच्या भारतीय लोकांकडून आलेला मोठा मऊ रोल, आत बटाट्याची पिवळी भाजी. व्हेज मिळतो, पण नणंदेसाठी बटाटा हाच अडसर, नाही का? कूकू नावाचा राष्ट्रीय पदार्थ मक्याच्या पिठाचा, भेंडी घालून घोटलेला. आमच्याकडे कोणी तोंड वाकडं केलं नाही, पण परतही कोणी मागितला नाही.

आणि नीरफणस! सासूबाईंनी रस्त्याकडेच्या शेगडीवर अख्खा नीरफणस भाजताना बघितला आणि टॅक्सी थांबवली. एक कच्चा घेऊन आलो, घरी कापं केली. मसाला त्या भारतातून घेऊन आल्या होत्या, रवा इथला.

जेवणात पिवळा तिखट सॉस येतो, मिरची, मोहरी आणि हळद. थेंब म्हणजे थेंबच घ्या.

—

तिरफळ

नीरफणसाची गोष्ट भारी आहे. हे झाड मूळचं पॅसिफिकचं. कॅप्टन ब्लाय पहिल्या खेपेला जहाजावर बंड होऊन हात हलवत परतला, दुसऱ्या खेपेला १७९३ मध्ये त्याने रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचवली. हेतू काय, तर मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला. आता त्याचे बाऊल करून डॉलरांत विकतात.

आणखी आपल्या ओळखीचं: चिंचेचे साखरेत घोळलेले गोळे, पेरूची वडी (गोव्याची पेराद आठवते), आणि गोल्डन ॲपल नावाचं फळ, जे आपल्या अंबाड्याचं सख्खं भावंड आहे. मी त्याचं रायतं घालायचो. नोव्हेंबरमध्ये गेलात तर कॉन्कीज खा. मक्याचं पीठ, लाल भोपळा, नारळ, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं. नागपंचमीला घरी पातोळ्या होतात त्यांना हे खायला दिलं तर ते एवढंच म्हणतील, की हळदीचं पान नाही मिळालं का.

घावनचटणी, मेनूवर 'डॉल्फिन' दिसला का?

—

घावनचटणी

तिरफळ, नका आठवण काढू. शुक्रवारी ऑइस्टिन्सला गेलो होतो, मासळी बाजाराच्या आवारात शेगड्या पेटतात आणि सगळं गाव लोटतं. फळ्यावर मोठ्ठं 'ग्रिल्ड डॉल्फिन'. चिरंजीवांनी वाचलं आणि भोकाड पसरलं. तो माही-माही नावाचा मासा असतो, डॉल्फिनचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे त्याला पटवेपर्यंत ताट गार. सासऱ्यांनी उडता मासा घेतला. त्यांचं मत: "बांगड्याची सर नाही, पण काटा नाही हे बरं." एका कोपऱ्यात सत्तरी-ऐंशीची जोडपी जुन्या गाण्यांवर नाचत होती, अगदी इस्त्रीच्या शर्टात. सासूबाई तिकडे बघत बसल्या, सासरे त्यांच्याकडे बघायचं टाळत बसले.

—

कंटाळाचंद

पाच तास विमानात बसून समुद्र बघायचा? गुहागर काय वाईट आहे? नारळ तेच, वाळू तीच, आणि मासा तर जास्तच बरा. उगाच डॉलर जाळायचे.

—

पूर्वाषाढा

कंटाळाचंद, धागाकर्ती न्यू जर्सीत राहते. तिला गुहागर अठरा तास पडतं.

माझा प्रश्न कोरडा आहे, माफ करा. नवरा एच-वनवर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा), पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपलाय, पण आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) चालू आहे. जाता येईल का? आणि आई-बाबांना बार्बाडोसचा व्हिसा?

—

घावनचटणी

भारतीय पासपोर्टवर फिरायला जाताना बार्बाडोसचा वेगळा व्हिसा लागत नाही. सासू-सासऱ्यांना जाताना कोणी अडवलं नाही. खरी अडचण परत येताना: अमेरिकेचा व्हिसा चालू आणि मल्टिपल एन्ट्रीचा हवा.

—

तिरफळ

पूर्वाषाढा, स्टॅम्प संपला असेल तर नवऱ्याला नेऊ नका. संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची सवलत एच-वनवाल्यांना फक्त कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीपुरती आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती विद्यार्थ्यांना मिळते, तुम्हाला नाही. वकिलाला विचाराच. तोवर पोर्तो रिको किंवा यूएस व्हर्जिन आयलंड्स करा, ती अमेरिकेचीच आहेत. समुद्र तिकडेही निळाच आहे.

—

पाचवा_दिवस

एवढं सगळं लिहिलंत आणि ब्रिजटाउनचं क्रिकेट मैदान, केन्सिंग्टन ओव्हल नाही? सासऱ्यांना न नेता परत आलात?

—

घावनचटणी

पाचवा_दिवस, शीटमधली सासऱ्यांनी हट्टाने राखलेली ती एकच ओळ. त्यांनाच विचारून लिहिते, चुकलं तर त्यांचं.

१९७१ साली ते कॉलेजात होते. वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजमध्ये. सकाळी पेपर यायच्या आधीच कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं. पोर्ट ऑफ स्पेनला आपण जिंकलेलो, आणि ब्रिजटाउनच्या कसोटीत पहिल्या डावात धूळधाण होत असताना सरदेसाई आणि सोलकर उभे राहिले. सातव्या विकेटला १८६. सरदेसाई १५०, सोलकर ६५. मग दुसऱ्या डावात गावसकर नाबाद ११७, सामना वाचला, आणि पुढे मालिकाही आपली. सरदेसाई मडगावचे, सोलकरचे वडील हिंदू जिमखान्यावर माळी, हे त्यांनी टॅक्सीवाल्याला इंग्रजीत सांगितलं. टॅक्सीवाला चाळिशीचा. त्याला गावसकर ठाऊक होता, सरदेसाई नाही. तो म्हणाला, त्याच सामन्यात सोबर्सने नाबाद १७८ केले होते. सासरे गप्प झाले, कारण खरं होतं.

मैदानाबाहेर सोबर्सचा पुतळा आहे. सासऱ्यांनी चप्पल काढून नमस्कार केला. मी फोटो काढला नाही, त्यांनी काढू दिला नाही.

—

पाचवा_दिवस

चप्पल काढून! मान गये. आता १९९७ चं काढू नका. त्याच मैदानावर जिंकायला १२० हवे होते, सचिन कर्णधार, आणि सगळे ८१ मध्ये गारद. आमच्या चाळीत दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

हिशोब चुकता व्हायला २९ जून २०२४ उजाडावं लागलं, तिथेच टी-२० विश्वचषकाची फायनल. सात धावा. आपल्या बोरिवलीकर रोहितने खेळपट्टीची चिमूट तोंडात टाकली. मग बेरिल वादळ आलं आणि जगज्जेते हॉटेलात अडकून पडले, विमानतळच बंद. म्हणजे बार्बाडोसला जाऊन काहीच न करणाऱ्यांत तुमच्या आधी टीम इंडियाचा नंबर.

—

खडीसाखर

पाचवा_दिवस, हसून हसून चहा सांडला.
वादळाचं विचारायचंच होतं. जूनमध्ये शाळा सुटते, तेव्हा जावं का?

—

तिरफळ

मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. बार्बाडोस बाकीच्या बेटांच्या पूर्वेला एकटं पडलंय, त्यामुळे बरीच वादळं त्याला वळसा घालून उत्तरेला जातात. पण भरवसा नाही. बेरिल दक्षिणेकडून गेलं, जमिनीला थेट लागलंही नाही, तरी ब्रिजटाउनला कोळ्यांच्या होड्या धडाधड फुटल्या. तिकीट बदलता येईल असं घ्या.

उन्हाळ्यात आणखी एक पीडा: सरगॅसम. तपकिरी शेवाळ, २०११ पासून अटलांटिकमधून ढिगांनी येतं. कुजलं की सडक्या अंड्याचा वास. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला जास्त लागतं, पश्चिमेला क्वचित. म्हणून जूनमध्ये जाणाऱ्याने पश्चिमेलाच राहावं, दोन पैसे जास्त पडले तरी. इथे माझं आणि घावनचटणीचं जमणार नाही.

—

घावनचटणी

जमतंय की. मार्चच्या शेवटी आम्हाला बाथशेबाला थोडं दिसलं, दक्षिणेला काही नाही. बाथशेबा म्हणजे पूर्व किनारा, तिथे पोहायचं नाही, अटलांटिक आहे, ओढ जबरदस्त. पाण्यात मोठमोठे खडक उभे, खालून झिजून अळंब्यासारखे झालेले. ओहोटीला खडकांत डबकी तयार होतात, त्यात बसता येतं. अर्धा दिवस पुरे.

—

ऊसकरी

धागा छान चाललाय, त्यात मिठाचा खडा टाकतोय, चालवून घ्या.

मी कागलचा, घरी तीन पिढ्यांचा ऊस. आम्ही उत्तरेला सेंट निकोलस ॲबी बघितली, १६५८ च्या सुमाराची कोठी. फेब्रुवारीपासून तिथे वाफेवरचा जुना चरक चालतो. चिपाडाचा वास आला आणि मला गुऱ्हाळात उभं राहिल्यासारखं झालं. काहीलही जवळजवळ आपलीच. पण आमच्या बांधावर ऊस तोडणारा संध्याकाळी कोयता घेऊन घरी जातो. इथे १६४० च्या दशकात साखर आली आणि पुढची दोनशे वर्षं आफ्रिकेतून आणलेली माणसं तोडणीला. गुलामगिरी कायद्याने संपली १८३४ ला, खऱ्या अर्थाने सुटका १८३८ ला.

विमानतळाजवळ न्यूटन म्हणून जागा आहे, मळ्यावरच्या गुलामांचं दफनस्थान. एक मोकळं कुरण, बस्स. आम्ही वीस मिनिटं थांबलो. बायकोने विचारलं, आपल्याकडच्या ऊसतोड कामगारांबद्दल तू एवढा कधी थांबलायस? उत्तर नव्हतं, अजून नाही.

गोल चौकातल्या, साखळ्या तोडणाऱ्या माणसाच्या पुतळ्यालाही थांबा. लोक त्याला बुस्सा म्हणतात, १८१६ च्या उठावाचा म्होरक्या.

—

कंटाळाचंद

ऊसकरी, हा प्रतिसाद आवडला. गुहागरचं मागे घेत नाही, पण आवडला.

—

खडीसाखर

गाडी भाड्याने घ्यावी का? आणि पैसे?

—

घावनचटणी

गाडी आपल्यासारखी डावीकडून, रस्ते उसाच्या मधून, अरुंद. भाड्याच्या गाडीची पाटी एच अक्षराने सुरू होते, त्यामुळे पाहुणा लांबूनच ओळखतात आणि वाट देतात. आम्ही दोनच दिवस घेतली. बाकी बस आणि टॅक्सी. बस थांब्यावर 'टू सिटी' किंवा 'आउट ऑफ सिटी' एवढंच लिहिलेलं असतं, चुकायला जागाच नाही. पांढऱ्या व्हॅनला झेडआर म्हणतात, आत गाणी कानठळ्या बसवणारी, माणसं वडापसारखी कोंबलेली. चिरंजीवांची सर्वात आवडती राइड हीच. सासूबाई एकदाच बसल्या, मांडीवर कोणाचं तरी बाळ घेऊन उतरल्या (बाळ परत दिलं).

दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन, ठरलेलं आहे. बिलावर कुठला डॉलर आहे ते विचारा. आम्ही पहिल्या दिवशी न विचारता दुप्पट टिप देऊन आलो.

बीच सगळे सार्वजनिक आहेत. हॉटेलासमोरचीही वाळू तुमचीच. खुर्ची-छत्रीचे पैसे मात्र पडतात. आम्ही जुनी सोलापुरी चादर नेली होती.

—

पूर्वाषाढा

सगळ्यांचे आभार, नवऱ्याला स्टॅम्पिंगची तारीख मिळाली की जाऊ. वाचनखूण साठवली. घावनचटणी, ती एक्सेल शीट मिळेल का? माझा नवराही त्याच जातकुळीतला आहे, त्याला रेडीमेड दिली तर नवी करणार नाही.

—

घावनचटणी

पूर्वाषाढा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. फाइल साफ आहे. छापील प्रत मात्र मिळायची नाही. ती फ्रिजवर लावली होती, चौथ्या दिवशी सासऱ्यांनी काढून मागच्या बाजूला रमीचा हिशोब मांडला, आणि त्यात मी सासूबाईंकडून १४० पॉइंटांनी हरलेय.